वस्तू आणि तिची पाटी

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालय १८७२ साली व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट या नावाने खुले झाले. मुंबई इलाख्यातील कारागिरी, पैदास व धंदे यांचे दर्शन घडविणे हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. तेथील जातिजमातींच्या मातीच्या प्रतिमा याच दृष्टीच्या द्योतक होत. माणूस तेथे ‘नमुना’ म्हणून मांडला गेला. १९७५ साली संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले व जीर्णोद्धारानंतर २००८ साली ते पुन्हा खुले झाले. पुढे समकालीन कलावंतांनी जुन्या संग्रहास उद्देशून तेथे प्रदर्शनेही मांडली.

परंतु खरा बदल प्रेक्षकात आहे. ज्यांचे पूर्वज कपाटात ‘नमुना’ झाले, तेच आता कपाटासमोर उभे राहतात, ‘हे काय?’ याऐवजी ‘आम्हांस असे कोणी पाहिले?’ हा त्यांचा प्रश्न असतो. पाटीवर केवळ जातीचे नाव असेल, तर ते वर्गीकरण आजही संमत असल्याचे ध्वनित होते. प्रतिमा कोणी, केव्हा व कशासाठी घडविली हे नोंदविल्यास तीच घडविणाऱ्याच्या दृष्टीचा पुरावा ठरते. (प्रतिमा हलविणे हा सोपा, परंतु अभ्यासास मारक उपाय.) मराठी पाटीचा प्रश्न याहून बिकट आहे. इंग्रजी मजकुरातील ‘नेटिव्ह’ या शब्दाचे ‘स्थानिक’ असे भाषांतर केले, की त्यातील उच्चनीचभाव नकळत पुसला जातो.