हस्तलिखितांची छायाचित्रे आणि हाताची स्थिरता

भाषेच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास जुन्या पोथ्यांच्या शोधात गावोगाव हिंडावे लागते. पोथी हाती मिळते ती बहुधा तास-दोन तासांपुरती. तेवढ्या अवधीत तिची सबंध नक्कल उतरून घेणे शक्य नसल्याने खिशात मावणाऱ्या लहान कॅमेऱ्याचा आधार घ्यावा लागतो. हा कॅमेरा चालविणे सोपे आहे; तो स्थिर धरणे मात्र तितके सोपे नाही. हात हलल्याने होणारी हानी केवळ चित्राच्या शोभेची नसून पाठाची असते.

उदाहरणार्थ, जुन्या लेखनातील ‘केले’ आणि ‘केलें’ ही दोन रूपे घ्या. पहिले पुल्लिंगी अनेकवचनाचे, दुसरे नपुंसकलिंगी एकवचनाचे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी हा अनुच्चारित अनुस्वार वगळला. परंतु जुन्या पाठाचा अर्थ लावताना त्याचे महत्त्व कमी होत नाही. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका घरी बाळबोध लिपीतील पोथीची छायाचित्रे घेतली. ती घरी येऊन मोठी करून पाहिली, तेव्हा अनेक पानांवर अनुस्वाराचे टिंब शेजारच्या मात्रेत मिसळून गेलेले आढळले. पुन्हा त्या गावी जाईपर्यंत पोथी मालकासह परगावी गेली होती. त्या पानांवरील कित्येक क्रियापदांचे लिंगवचन आजही निश्चित सांगता येत नाही.

असे का होते? शटर उघडे असताना कॅमेरा केवळ एक-दशांश अंशाने कलला, तरी अर्ध्या मीटरवरील पानावर तो सरक सुमारे ०.९ मि.मी. एवढा होतो. बारीक टिंब मात्रेत मिसळण्यास एवढे पुरे आहे. लहान कॅमेरा वजनाने हलका असल्याने हाताचा प्रत्येक कंप त्यात तत्काळ उतरतो. शिवाय पडदा पाहण्यासाठी आपण तो हात लांब करून धरतो, आणि कळ जोराने दाबताच त्याची एक बाजू खाली जाते. अक्षरे एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसली, तर दोष हाताचा समजावा. सर्व बाजूंनी सारखीच पुसट दिसली, तर तो बहुधा फोकसचा असतो.

यावरील उपाय साधे आहेत. पोथी मेजावर असल्यास खुर्चीवर बसून दोन्ही कोपरे मेजावर टेकवावीत. भिंतीवरील शिलालेखासमोर उभे राहावे लागल्यास पावले थोडी फाकवावीत, कोपरे बरगड्यांशी घट्ट धरावीत आणि जवळ खांब असल्यास त्याला खांदा टेकवावा. कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडसाठी छिद्र असते. त्यात बसणाऱ्या स्क्रूला सुतळी बांधून तिचे दुसरे टोक पायाखाली दाबावे व कॅमेरा वर ओढून सुतळी ताणून धरावी. कंप पुष्कळ कमी होतो. कळ प्रथम अर्धी दाबून फोकस होऊ द्यावा, श्वास हळूच सोडावा आणि मगच ती अलगद पूर्ण दाबावी. दोन सेकंदांचा टायमर लावल्यास कळ दाबताना बसणारा धक्काही टळतो.

प्रकाशाचाही विचार हवा. पोथी खिडकीजवळ न्यावी, पण उन्हात ठेवू नये. फ्लॅशने गुळगुळीत कागद चकाकतो व कोरीव अक्षरांची खोली हरवते. म्हणून तो शक्यतो टाळावा. शटरचा काळ शक्य तितका कमी, निदान एक-साठांश सेकंदापर्यंत, ठेवावा. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागल्यास वाढवावा. चित्रात थोडे कण दिसले तरी अक्षर वाचता येते. हललेले अक्षर वाचता येत नाही. झूम वाढविला की कंपही वाढतो, म्हणून झूम करण्याऐवजी जवळ जावे. कंप सावरणारी यंत्रणा अनेक कॅमेऱ्यांत असते, परंतु अगदी जवळून छायाचित्र घेताना तिची मदत कमी पडते.

प्रत्येक पानाची निदान तीन छायाचित्रे घ्यावीत. त्यांपैकी एखादे तरी स्थिर निघते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोथी मालकाच्या हाती परत देण्यापूर्वी पडद्यावर चित्र मोठे करून एखाद्या ओळीतील अनुस्वार मोजून पाहावेत आणि ते मूळ पानाशी ताडून घ्यावेत. या कामास फार तर अर्धा मिनिट लागतो. तो वाचविल्यामुळे गमावलेले टिंब पुढे कोणत्याही तर्काने खात्रीने भरून काढता येत नाही.