कॉडची डोकी, ऊन पाणी आणि बुडालेल्या बँका : आइसलँडचे अर्थकारण

आइसलँडचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र चार लाखांच्या आत, कोल्हापूर शहरापेक्षाही कमी. त्यातले बहुसंख्य लोक राजधानी रेक्याविक आणि तिच्या आसपास राहतात. देशात कोळसा नाही, खनिज तेल नाही, लोखंड नाही आणि इमारतीला लागेल असे लाकूडही जवळजवळ नाही. निसर्गाने दिले ते समुद्रात मासे, हिमनद्यांतून कोसळणारे पाणी आणि जमिनीखालचे कढत पाणी. तिन्हींची अडचण एकच, की ती आहेत तशी बाजारात नेता येत नाहीत. मासा नासतो, बेटावरची वीज समुद्रापार जात नाही आणि ऊन पाणी वाटेत निवते. ही जागची संपत्ती बोटीवर चढेल अशा रूपात कशी आणायची, या एकाच प्रश्नाभोवती तिथला सव्वाशे वर्षांचा व्यापार फिरला आहे.

त्याआधीची शतके हलाखीची होती. १६०२ ते १७८७ या काळात व्यापाराचा मक्ता डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांकडे होता. लोक मेंढ्या पाळत आणि उघड्या वल्ह्याच्या होड्यांतून मासेमारी करत. १९०२ मध्ये वायव्येकडच्या इसाफ्योर्दुरला एका होडीला पहिल्यांदा इंजिन बसले, १९०४ मध्ये अंतर्गत स्वराज्य मिळाले आणि १७ जून १९४४ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. दरम्यान उत्तर किनाऱ्यावरच्या सिग्लुफ्योर्दुरला हेरिंग माशाने अक्षरशः सोने पिकवले. बोट धक्क्याला लागली की रात्र असो वा दिवस, बायका हेरिंग साफ करून लाकडी पिंपांत मिठाचे थर देत भरायला लागत. मजुरी पिंपावर मोजली जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बेसुमार मासेमारी आणि गार पडलेला समुद्र यांमुळे हेरिंग नाहीसा झाला. निर्यातीचे उत्पन्न दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले आणि क्रोना या चलनाचे १९६७ व १९६८ असे लागोपाठ दोनदा अवमूल्यन करावे लागले. एकाच माशावर देश उभा करण्याचा धडा महागात पडला होता.

उरला कॉड, आणि त्याच्यात ब्रिटिश ट्रॉलर वाटेकरी होते. आइसलँडने आपली सागरी हद्द १९५८ मध्ये १२, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० सागरी मैलांपर्यंत नेली. प्रत्येक वेळी ब्रिटनशी संघर्ष झाला, आणि ही प्रकरणे ‘कॉडयुद्धे’ म्हणून ओळखली जातात. आइसलँडला सैन्य नाही. तटरक्षक दलाच्या मोजक्या बोटी हेच बळ, आणि त्यांचे खरे हत्यार तोफ नव्हते, तर आकड्यांची एक लोखंडी कातर. ती पाण्यात ओढत बोट ट्रॉलरच्या मागून आडवी जाई, जाळे धरून ठेवणारे पोलादी दोर कापले जात आणि मासळीसह महागडे जाळे तळाशी जाई. रक्षणासाठी आलेल्या ब्रिटिश लढाऊ जहाजांना या खोडीवर उतारा सापडला नाही. केफ्लाविकच्या अमेरिकी तळामुळे आइसलँडला दुखावणे नाटोलाही परवडणारे नव्हते. जून १९७६ मध्ये ब्रिटनने माघार घेतली.

परके गेले, तरी कॉड वाढला नाही, कारण आता घरच्याच बोटी वाढल्या. १९८१ मध्ये साडेचार लाख टनांहून अधिक कॉड पकडला गेला आणि शास्त्रज्ञांनी धोक्याची घंटा वाजवली. १९८४ पासून प्रत्येक बोटीला कोटा ठरला. १९९० च्या कायद्याने तो विकता, विकत घेता आणि भाड्याने देता येऊ लागला. सागरी संशोधन संस्था दरवर्षी एकूण पकड सुचवते आणि त्यात कोटाधारकाचा ठरावीक हिस्सा असतो. पकडलेला मासा समुद्रात परत फेकायला बंदी आहे. बंदरावर तो अधिकृत काट्यावर तोलला जातो आणि वजन कोट्यातून वजा होते. २०२४-२५ च्या हंगामात कॉडची मर्यादा सुमारे २.१३ लाख टन होती, म्हणजे १९८१ च्या निम्म्याहून कमी.

हिशेबाला ही व्यवस्था चोख आहे, न्यायाला मात्र लंगडी. सुरुवातीचा कोटा आधीच्या पकडीवर फुकट वाटला गेला. ज्यांना मिळाला त्यांच्या हाती विकाऊ मालमत्ता आली. मालकाने कोटा विकला की गावातल्या मासळी कारखान्याचे दार बंद, आणि पश्चिमेच्या फ्योर्डांतल्या अनेक गावांनी हे सोसले. मत्स्यसाठा ही राष्ट्राची सामाईक संपत्ती आहे, असे कायद्याचे पहिलेच कलम सांगते. व्यवहारात थोड्या कंपन्यांकडे मोठा हिस्सा आहे, आणि एका कंपनीवर १२ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली आहे. सरकारला मिळणाऱ्या मासेमारी शुल्काचा वाद कधीच मिटत नाही. २०२५ मध्ये ते वाढवणाऱ्या विधेयकावर विरोधकांनी इतके दिवस भाषणे लांबवली, की शेवटी सभापतींना क्वचित वापरले जाणारे कलम काढून चर्चा बंद करावी लागली.

पकडीला कुंपण पडल्यावर मासा वाया घालवणे परवडेना. पूर्वी कॉडचे मांस घेऊन बाकी समुद्रात टाकले जाई. आता डोकी आणि कणे गरम झऱ्यांच्या उष्णतेवर वाळवून पोत्यांतून नायजेरियाला जातात, आणि तिथे रश्शाला त्यांच्याशिवाय चव येत नाही. (वर्सोव्याच्या वलांडीवरचा बोंबील वाऱ्यावर वाळतो, इथे भूगर्भ वाळवतो, एवढाच फरक.) यकृताचे तेल बाटल्यांत जाते. कातडीचा उपयोग सर्वांत नवलाचा. इसाफ्योर्दुरच्या केरेसिस कंपनीने कॉडच्या कातडीपासून न भरणाऱ्या जखमांवर लावायचे आच्छादन बनवले. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या कोलोप्लास्टने ती कंपनी १.३ अब्ज डॉलरपर्यंतच्या किमतीला घेतली. हलत्या बोटीवर मासा अचूक तोलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यातून १९८३ मध्ये मारेल ही कंपनी उभी राहिली, आणि तिची यंत्रे पुढे जगभरच्या मासळी व मांस कारखान्यांत पोचली.

विजेचे रूपांतर अ‍ॅल्युमिनियममध्ये झाले. एक किलो अ‍ॅल्युमिनियम गाळायला साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते. म्हणून दूरदेशीचे अ‍ॅल्युमिना जहाजाने इथे आणायचे, इथल्या विजेवर गाळायचे आणि धातू परत जहाजात भरायचा. गठ्ठ्यात बांधलेली वीजच ती. १९६५ मध्ये लाँड्सविर्क्युन ही सार्वजनिक वीज कंपनी स्थापन झाली. ब्यूरफेल वीजकेंद्रासाठी जागतिक बँकेचेही कर्ज घेतले आणि १९६९ मध्ये स्त्राउम्सविकचा पहिला कारखाना चालू झाला. आज असे तीन कारखाने देशातल्या विजेचा अर्ध्याहून जास्त भाग ओढतात. दरडोई वीजनिर्मितीत आइसलँड जगात पहिला असला, तरी ती वीज घरात नव्हे, भट्टीत जळते.

पूर्वेकडच्या कारान्यूकार प्रकल्पाने देश दुभंगला. ६९० मेगावॅटचे केंद्र, आणि सुमारे १९८ मीटर उंचीचे, म्हणजे कोयनेच्या जवळजवळ दुप्पट उंच धरण. हे सारे रेयदारफ्योर्दुरच्या अल्कोआच्या एका कारखान्यासाठी. सप्टेंबर २००६ मध्ये हजारो लोक रेक्याविकच्या रस्त्यावर उतरले, तरी माळरान पाण्याखाली गेले आणि २००७ मध्ये कारखाना सुरू झाला. ओस पडत चाललेल्या किनाऱ्याला नोकऱ्या मिळाल्या हे खरे. पण वीजदर धातूच्या जागतिक भावाशी बांधल्यामुळे धोक्यातला वाटा जनतेच्या कंपनीच्याही अंगावर आला.

कढत पाण्याची गोष्ट साधी आणि सुखाची. रेक्याविकच्या मुख्य बाजाररस्त्याचे नाव लाउगावेगुर, म्हणजे झऱ्यांकडे जाणारी वाट. धुण्याचे गाठोडे घेऊन बायका त्या वाटेने गरम झऱ्यांवर जात. १९३० मध्ये त्याच झऱ्यांचे पाणी नळाने एका शाळेला, इस्पितळाला, पोहण्याच्या तलावाला आणि काही घरांना पोचवले. १९७३ च्या तेलसंकटानंतर हे जाळे झपाट्याने पसरले, आणि आज जवळपास ९० टक्के घरे भूगर्भातल्या उष्णतेने ऊबदार राहतात. स्वार्त्सेंगी वीजकेंद्राचे सांडपाणी लाव्ह्याच्या खडकात साचले आणि लोक त्यात डुंबू लागले. तेच पुढे ‘ब्लू लगून’ हे महागडे पर्यटनस्थळ झाले.

या देशाचे दुखणे म्हणजे क्रोना. १९८१ मध्ये चलनावरची दोन शून्ये उडवली, तरी १९८३ मध्ये महागाई ८० टक्क्यांवर गेली. १९७९ पासून बरीच घरकर्जे महागाई निर्देशांकाला जोडलेली असतात. त्यामुळे हप्ते भरत राहूनही मुद्दल फुगत जाण्याचा अनुभव तिथल्या कुटुंबांना परिचित आहे. १९९० मध्ये कामगार संघटना, मालक आणि सरकार यांनी करार करून महागाई आवरली. आजही सुमारे ९० टक्के कामगार संघटनांत आहेत. किमान वेतन कायद्याने नव्हे, त्यांच्या करारांनी ठरते.

यानंतर आइसलँडने स्वतःजवळ नसलेली वस्तू विकायला काढली, ती म्हणजे दुसऱ्यांचा पैसा. सरकारी बँकांचे खासगीकरण २००३ पर्यंत पूर्ण झाले. पाच वर्षांत कौपथिंग, लँड्सबँकी आणि ग्लिटनिर यांचा एकत्रित पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दहापट झाला. लँड्सबँकीच्या ‘आइससेव्ह’ या इंटरनेट बचत योजनेत ब्रिटन आणि नेदरलँड्समधले जे खातेदार होते, त्यांची संख्या आइसलँडच्या लोकसंख्येहून जास्त होती. ६ ऑक्टोबर २००८ रोजी पंतप्रधान गेर हार्दे यांनी दूरचित्रवाणीवर संकट जाहीर करून भाषणाच्या शेवटी देशासाठी देवाचा आशीर्वाद मागितला. ९ तारखेपर्यंत तिन्ही बँका सरकारी ताब्यात होत्या. ब्रिटनने दहशतवादविरोधी कायदा वापरून लँड्सबँकीची मालमत्ता गोठवली. क्रोनाची किंमत जवळजवळ निम्मी झाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २.१ अब्ज डॉलर दिले आणि भांडवल बाहेर नेण्यावरचे निर्बंध मार्च २०१७ पर्यंत टिकले.

बँकांच्या परदेशी देण्यांचा बोजा जनतेने उचलला नाही. मुळात तो उचलण्याजोगा नव्हताच, त्यामुळे या धैर्याचे कौतुक बेतानेच करावे. आइससेव्हच्या परतफेडीचे करार मतदारांनी २०१० आणि २०११ मध्ये फेटाळले, आणि जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय मुक्त व्यापार संघटनेच्या (एफ्टा) न्यायालयाने आइसलँडच्या बाजूने निकाल दिला. खातेदारांचे पैसे अखेर बुडालेल्या बँकेच्याच मालमत्तेतून फिटले. अनेक बँकर तुरुंगात गेले. हार्दे एका आरोपात दोषी ठरले, शिक्षा मात्र झाली नाही.

स्वस्त झालेला क्रोना आणि २०१० मध्ये एयाफ्यातलायोकुट्ल ज्वालामुखीने केलेली फुकटची जाहिरात यांतून पर्यटन वाढले. २०१० मध्ये पाच लाखांच्या आत असलेले पाहुणे २०१८ मध्ये २३ लाखांवर गेले. पुन्हा एकाच धंद्यावर भार पडला. मार्च २०१९ मध्ये वॉव एअर ही विमान कंपनी बुडाली, पुढच्या वर्षी कोविड आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्वालामुखीच्या धोक्यामुळे ग्रिंदाविक हे मासेमारीचे गाव रिकामे करावे लागले आणि स्वार्त्सेंगी केंद्राभोवती लाव्हा अडवायला मातीचे बंधारे उभे राहिले.

१९९४ पासून आइसलँड युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे. आइसलँडसह एफ्टाच्या चार देशांचा भारताशी झालेला व्यापार करार मार्च २०२४ मध्ये दिल्लीत सहीबद्ध झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. युरोपीय संघाच्या सदस्यत्वासाठी २००९ मध्ये केलेला अर्ज २०१३ मध्ये थंडावला. क्रिस्त्रून फ्रोस्ताडोत्तिर यांच्या सरकारने वाटाघाटी पुन्हा सुरू करण्यावर २०२७ पर्यंत सार्वमत घेण्याचे ठरवले. युरोच्या स्थैर्याची ओढ क्रोनाने पोळलेल्यांना आहे. पण संघात गेल्यास मासेमारीचे नियम ब्रुसेल्समध्ये ठरतील, आणि २०० मैलांच्या त्या पाण्यात परक्या ट्रॉलरांना पुन्हा येऊ द्यायला किनाऱ्यावरची गावे तयार नाहीत.