शेजारची खुर्ची रिकामी होते तेव्हा

पहिल्या एकल उड्डाणात विद्यार्थी वैमानिकाला बहुधा धावपट्टीभोवतीची एकच फेरी मारायची असते. हे काम त्याने प्रशिक्षकासोबत कितीतरी वेळा केलेले असते. तरीही विमान त्या दिवशी वेगळे वागते, आणि त्यामागे शुद्ध भौतिकशास्त्र आहे.

सेस्ना १५२ हे दोन आसनी विमान स्वतःच्या वजनासह जास्तीत जास्त ७५७ किलो एकूण वजनाने उडू शकते. त्यातून ७५ किलोचा प्रशिक्षक उतरला, की वजन सुमारे दहा टक्क्यांनी घटते. विमान लवकर जमीन सोडते, झपाट्याने चढते. ठरलेली उंची अपेक्षेआधीच येते, तेव्हा नजर उंचीमापकावर हवी.

खरी परीक्षा उतरताना. पंखांची उचल कोलमडण्याचा वेग वजनाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. वजन दहा टक्के घटले, की तो सुमारे पाच टक्क्यांनी उतरतो. म्हणजे नेहमीच्याच वेगाने आलेल्या विमानाकडे उचल शिल्लक राहते. शिवाय जमिनीलगत पंखांचा अवरोध कमी होतो, त्यामुळे ते धावपट्टीवर तरंगत राहते. अशा वेळी नाक खाली दाबणे सर्वांत घातक. पुढचे चाक आधी आदळून विमान उसळ्या घेऊ लागते. नाक किंचित वर धरून वेग ओसरू द्यावा. धावपट्टी अपुरी वाटली किंवा विमान उसळले, तर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जावे.

विद्यार्थ्यांनो, हा ‘गो-अराउंड’ म्हणजे अपयश नव्हे. तो निर्णय बेधडक घ्या.