‘खादाडपणा’ आणि अतिभक्षणाचा विकार

फार खाणाऱ्या मनुष्याला नावे ठेवावयाची झाल्यास मराठीत शब्दांची वाण पडत नाही. खादाड, अधाशी, हावरा, बकासुर ही त्यांपैकी काही होत. ही सर्व नावे मनुष्याला दिलेली आहेत. खाण्याच्या प्रसंगाला नव्हेत. एखाद्यास खादाड म्हटले, की त्याचा स्वभाव ठरला आणि कारण शोधण्याची निकड संपली. ‘भस्म्या’ हा शब्द रोगवाचक आहे खरा; परंतु तो न शमणाऱ्या भुकेचा वाचक आहे. भावनेच्या आहारी जाऊन होणारे अतिभक्षण मात्र पुष्कळदा भुकेवाचून घडते. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने पीडिताची हानी कशी होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये स्थूल रुग्णांतील अशा प्रसंगांचे वर्णन केले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत त्यास स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले ते २०१३ साली, पाचव्या आवृत्तीत. थोड्या अवधीत इतरांच्या मानाने निश्चितपणे अधिक खाणे आणि त्या वेळी स्वतःवरील ताबा सुटल्याची जाणीव होणे, ही त्याची दोन मुख्य लक्षणे. भराभर खाणे, पोट भरून अस्वस्थ वाटेपर्यंत खाणे, भूक नसता खाणे, लाजेपोटी एकांतात खाणे आणि मागाहून स्वतःची किळस वा अपराधी भावना वाटणे, या पाचांपैकी किमान तीन गोष्टी आढळाव्या लागतात. असे प्रसंग सरासरीने आठवड्यातून एकदा, तीन महिने घडल्यास निदान संभवते. मन उदास असता चिवड्याचा डबा जवळ ओढणे म्हणजे विकार नव्हे. तसेच हा विकार केवळ स्थूल व्यक्तींनाच होतो, असेही नाही.

हे घडते कसे? हेदरटन आणि बाउमायस्टर यांनी १९९१ मध्ये असे प्रतिपादन केले, की स्वतःविषयीची असह्य जाणीव टाळण्यासाठी मन समोरच्या घासापुरतेच संकुचित होते आणि तेवढा वेळ दुःखाचा विसर पडतो. दुसरे कारण अधिक अनपेक्षित आहे. हर्मन आणि मॅक यांनी १९७५ मध्ये केलेल्या प्रयोगात, एरवी खाण्यावर निर्बंध ठेवणाऱ्या विद्यार्थिनींनी आधी मिल्कशेक दिला असता आइस्क्रीम कमी न खाता उलट अधिक खाल्ले. नियम एकदा मोडला, आता राहिले काय, ही ती वृत्ती होय. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण दांभिक उपवासावर टोला मारते. तथापि कडक निर्बंध आणि अतिभक्षण यांचा शेजार तिनेही टिपला आहे.

यावरून उपायांची दिशा ठरते. अतिभक्षणानंतर प्रायश्चित्त म्हणून केलेले लंघन पुढील प्रसंगाची तयारीच करते. म्हणून क्रिस्टोफर फेअरबर्न प्रभृतींनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत पहिला भर नियमित आहारावर असतो : दिवसातून तीन जेवणे, मध्ये अल्पोपाहार, आणि चार तासांहून मोठा खंड नाही. काय खाल्ले, केव्हा, कोठे आणि त्या वेळी मनःस्थिती काय होती, याची नोंद त्याच वेळी केली जाते. ऊर्मी येताच करावयाच्या गोष्टींची (फिरणे, स्नान, मित्राशी बोलणे) यादी आधीच तयार ठेवतात. कारण ऊर्मी बहुधा काही वेळाने ओसरते. हे मार्गदर्शित स्वाध्यायानेही साधू शकते. प्रसंग वारंवार येत असल्यास, ओकारी काढणे वा रेचके घेणे घडत असल्यास, अथवा मधुमेह असल्यास मात्र वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

या सर्वांत भाषेचा वाटा गौण नाही. लाज हा या चक्राचा एक दुवा आहे आणि ‘खादाड’ हा शब्द नेमका तोच दुवा बळकट करतो. वसतिगृहाच्या खोलीत दार लावून खाणारा विद्यार्थी आपल्या त्रासाला विकार म्हणत नाही, कारण त्याला मिळालेला शब्द दोषवाचक असतो. आणि दोषासाठी कोणी डॉक्टरकडे जात नाही. ‘तुला आवरता येत नाही का?’ या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसते. ‘त्या आधी काय झाले होते?’ या प्रश्नाला असते, आणि उपचाराचा आरंभ त्या उत्तरापासून होतो.