अहिंसक संवाद : ‘नाही’ ऐकायची तयारी आहे का?

घरातली बहुतेक भांडणं साध्याच गोष्टींवरून पेटतात. दिवाळीला आधी कुणाकडे जायचं, वीजबिल कुणी भरायचं, फोन का उचलला नाही. अशा वेळी बोलावं कसं, याची एक पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग (१९३४–२०१५) यांनी १९६०च्या दशकापासून घडवत नेली. गांधीजींच्या अहिंसेच्या कल्पनेवरून तिला ‘नॉनव्हायोलंट कम्युनिकेशन’, म्हणजेच अहिंसक संवाद, हे नाव मिळालं. तिचे टप्पे चार : काय घडलं ते सांगायचं, त्यामुळे काय वाटलं ते सांगायचं, त्यामागची आपली गरज मांडायची आणि नेमकी विनंती करायची. ऐकायला सोपं वाटतं, म्हणूनच याबद्दल गैरसमजही बरेच आहेत.

गैरसमज १ : अहिंसक संवाद म्हणजे गोड बोलणं आणि राग गिळणं.

वस्तुस्थिती : ही पद्धत मवाळ वातावरणात जन्मली नाही. १९४३ साली रोझेनबर्ग यांचं कुटुंब डेट्रॉइटला राहायला गेलं, त्याच उन्हाळ्यात तिथे वांशिक दंगल उसळली आणि ३४ माणसं मारली गेली. पुढे शाळेत केवळ ज्यू आडनावामुळे त्यांना मार खावा लागला. माणसं हिंसक का होतात, हा प्रश्न त्यांना तिथेच भिडला. राग दाबा, असं ते कधी म्हणाले नाहीत. उलट तो पुरता व्यक्त करा, असंच त्यांचं सांगणं होतं. मात्र दोषारोप करून नव्हे. आपली कुठली तरी गरज अडली आहे, याची खूण म्हणून ते रागाकडे पाहत. ‘तुला घराचं काही पडलेलंच नाही’ या वाक्यात राग आहे, पण आपल्याला काय हवं आहे त्याचा पत्ता नाही.

गैरसमज २ : चार टप्प्यांची वाक्यं पाठ केली की झालं.

वस्तुस्थिती : साचा पाळूनही टोमणा मारता येतो. खरी अडचण पहिल्याच टप्प्यावर येते. ‘तू नेहमी उशिरा येतोस’ हा शेरा झाला; ‘या आठवड्यात तू तीनदा दहानंतर आलास’ हे घडलेलं. शेरा ऐकला की समोरचा ‘नेहमी नाही, परवा लवकर आलो होतो’ म्हणत हिशेब काढायला बसतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. शेरा न मारता नुसतं पाहणं किती अवघड असतं, हे सांगताना रोझेनबर्ग तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींचा आवर्जून दाखला देत. तेव्हा वाक्य पुस्तकी नसलं तरी चालेल. ‘तू आला नाहीस की मला काळजी वाटते, तू सुखरूप आहेस एवढं कळायला हवं असतं; उशीर होणार असेल तर आठपर्यंत एक मेसेज टाकशील?’ एवढ्या साध्या बोलण्यात चारही टप्पे येऊन जातात.

गैरसमज ३ : ‘प्लीज’ किंवा ‘जमलं तर’ म्हटलं की ती विनंती होते.

वस्तुस्थिती : विनंती आहे की हुकूम, हे आवाजावरून ठरत नाही. समोरचा ‘नाही’ म्हणाला की आपण काय करतो, त्यावरून ठरतं.

शुक्रवारी रात्री जेवताना ती म्हणते, ‘रविवारी आईकडे जाऊ या का? तुला जमलं तरच हं.’ तो म्हणतो, ‘या रविवारी नको गं, फार दमलोय.’ त्यावर लगेच, ‘बरोबर आहे, माझ्या माहेरचं नाव काढलं की तू दमतोसच.’ पुढचे दोन दिवस अबोला. ‘जमलं तरच’ म्हणून मागितलेली गोष्ट हुकूमच होती, कारण नकाराला शिक्षा ठरलेली होती. आणि शिक्षा दिसली की माणूस एकतर मुकाट्याने मान तुकवतो, नाहीतर अडून बसतो.

विनंती असती तर नकारानंतर बोलणं पुढे गेलं असतं : ‘विश्रांती हवी आहे का तुला? मला आईची तब्येत एकदा डोळ्यांनी पाहायची आहे. मी एकटी सकाळी जाऊन येऊ, की पुढच्या शनिवारी दोघं जाऊ?’ तिने आपली गरज सोडलेली नाही, फक्त त्याच्या नकारामागचीही ऐकून घेतली आहे.

गैरसमज ४ : दुसऱ्याची गरज समजून घेतली की त्याची मागणी मान्य करावी लागते.

वस्तुस्थिती : गरज एक असते, ती भागवायचे मार्ग अनेक. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने रोज रात्री नऊला फोन केलाच पाहिजे, ही गावाकडच्या आईची मागणी. जिवाला घोर नको, ही गरज. मुलाला मोकळीक हवी आहे आणि त्याची शिफ्टही बदलती आहे. तेव्हा रोज एक ‘पोचलो’चा मेसेज आणि रविवारी निवांत फोन, यातही दोघांचं भागू शकतं.

देशांच्या वाटाघाटींतही हेच दिसतं. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१च्या ‘गेटिंग टू यस’ या पुस्तकात सिनाईचं उदाहरण दिलं आहे. १९६७च्या युद्धात इस्रायलने घेतलेला हा प्रदेश इजिप्तला पूर्ण परत हवा होता, आणि इस्रायल काही भाग ठेवण्यावर अडून होता. नकाशावर कुठेही रेघ मारली तरी जमेना. इस्रायलची गरज सुरक्षिततेची होती, इजिप्तची सार्वभौमत्वाची. १९७८मध्ये कॅम्प डेव्हिडला तोडगा निघाला : सिनाई इजिप्तला परत मिळेल, पण त्याचा मोठा भाग निर्लष्करी राहील.

गैरसमज ५ : नीट बोललं की कुठलंही नातं सुधारतं.

वस्तुस्थिती : जीव धोक्यात असेल तिथे आधी बळ वापरून बचाव करावा लागतो, हे रोझेनबर्गही मान्य करत. शिक्षा म्हणून वापरलेलं बळ त्यांना नामंजूर होतं, संरक्षणासाठीचं नव्हे. ‘नाही’ म्हटल्यावर जिथे मार, धमकी किंवा घराबाहेर काढणं वाट्याला येतं, तिथे बाईने आपलं बोलणं सुधारावं, असा सल्ला देणं अन्यायाचं आहे. अशा वेळी २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीसाठी ११२ आहे. नकार देणाराही सुरक्षित असेल, तिथेच हा संवाद उपयोगी पडतो.