पायांनी श्वास घेणारा ऑर्गन

पितळेची एक पातळ जीभ. एका टोकाला घट्ट बसवलेली, दुसरं टोक मोकळं. तिच्या खाली तिच्याच मापाची, केसभर मोठी खाच. हवा त्या खाचेतून जाऊ लागली की जीभ आत-बाहेर थरथरते आणि सूर निघतो. टोकाकडून जरा खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. गायकनट बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गनचा जो धीरगंभीर, भरलेला नाद असायचा, तो एवढ्याशा पितळेतून यायचा. मला याचं नवल आजही वाटतं.

हार्मोनियम आणि नाटकातला ऑर्गन ही भावंडंच, पण त्यांचा श्वास उलटा. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबेननं 1842 साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. तिच्यात भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकी घडणीच्या ऑर्गनमध्ये पाय मारले की आतली हवा उपसली जाते आणि बाहेरची हवा जिभांमधून आत ओढली जाते. त्यामुळे आवाजाची धार जाऊन त्याला गोलाई येते. युरोपातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा पायांनीही सूर वाजवतो, त्याच्या पायाखाली खर्जाच्या पट्ट्यांची वेगळी रांग असते. आपल्या नाट्यसंगीतातल्या ऑर्गनवाल्याचे पाय मात्र वाद्याला जिवंत ठेवण्यात गुंतलेले असतात.

आता खरी अडचण. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच राहतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय नाही, म्हणजे मींड नाही. आणि सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे सूरही किंचित हललेले. सा सेकंदाला 240 कंपनांवर धरला, तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार 300 वर असतो. ऑर्गनचा पडतो 302.4 वर. तयार कानाला हा फरक टोचतो. अशाच तक्रारींपायी आकाशवाणीनं 1940 मध्ये हार्मोनियमला बंदी घातली, ती सैल व्हायला 1971 उजाडलं. तक्रार खोटी नव्हती. पण ज्या वाद्याला गाता येत नाही असं जाणकार सांगत होते, त्याला गायला लावणारी माणसं त्याच काळात घडत होती.

पं. तुळशीदास बोरकर हे त्यांतलं मोठं नाव. जन्म 1934 चा, गोव्यातल्या बोरीचा. गाण्याचे पहिले धडे आई जयश्रीबाईंकडून, पुढची तालीम मधुकर पेडणेकर, म्हणजे पी. मधुकर यांच्याकडे. नाटकांना साथ करत, छोटा गंधर्वांसारख्या गायकनटांच्या गळ्यामागे जात त्यांचा हात घडला. 2005 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. आकाशवाणीनं तीस वर्षं दाराबाहेर ठेवलेल्या वाद्याच्या वादकाला पद्मश्री मिळते, यात मला फार मोठा न्याय दिसतो.

ही तालीम नेमकी असते कशाची? आधी गळ्याची. जी जागा स्वतःला गाता येत नाही, ती बोटांतून येत नाही. मींड नसल्यामुळे वादक मधल्या सुरांना ओझरता स्पर्श करतो. एक पट्टी सुटण्याआधीच दुसरी दाबली गेलेली असते, आणि कानाला वाटतं की सूर वाहत गेला. खालून पायांची लय भात्याला सांभाळते. शब्द उचलताना जोर वाढतो, सम आली की सैलावतो. गुडघ्याशी असलेली दांडी सरकवली की आतली झडप उघडते आणि आवाज फुलतो. दोन्ही पाय, गुडघा, दहा बोटं यांची कामं वेगवेगळी आणि डोळे गायकाच्या ओठांवर.

शिवाय गायकाच्या पट्टीचा, म्हणजे सा कुठे धरायचा याचा प्रश्न. एकाच नाटकात नायक काळी एकमध्ये गातो, नायिका काळी चारमध्ये. सा बदलला की बोटांचा सगळा नकाशाच बदलतो. तेच पद, त्याच हरकती, पण पांढरीच्या जागी काळी, काळीच्या जागी पांढरी. असे बारा नकाशे हातात मुरलेले असावे लागतात. त्यातून पद सुरू होण्याआधी संवादाच्या शेवटच्या वाक्याखाली सा अलगद पेरून ठेवायचा. नटाला तो मिळावा, प्रेक्षकाला कळूही नये.

पायांचा ऑर्गन आता दुर्मीळ झाला असला, तरी गोंदिया जिल्ह्यात ऑर्गन हा शब्द जिवंत आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख. धान निघालं की अर्जुनी मोरगाव, देवरीकडच्या गावांत दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात, प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, गाणी समोर जिवंत गायली जातात. या रंगभूमीच्या डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. इथला ऑर्गन म्हणजे विजेवरचा कीबोर्ड. भाता गेला, पितळेच्या जिभाही गेल्या. काम मात्र तेच उरलं. गाण्याआधी सूर द्यायचा, गायकाच्या पाठोपाठ जायचं, करुण प्रसंगाखाली एखादा स्वर लांबवून धरायचा. शिवाय हे सगळं कडाक्याच्या थंडीत, रात्रभर.

जुन्या ऑर्गनवाल्यांचं कौतुक मला एका क्षणासाठी फार वाटतं. रात्रीचे तीन वाजलेत, गाणं रंगलंय, वन्समोर आलाय, आणि गायकाचा गळा थकलाय. तेच गाणं आता अर्धा स्वर खाली घ्यायला हवं. कीबोर्डवर त्यासाठी एक कळ असते. ती दाबली की बोटांनी जुन्याच जागी वाजवावं, सूर आपोआप उतरतात. बोरकरांच्या पिढीतल्या ऑर्गनवाल्याला अशा वेळी पाय न थांबवता, दोन टाळ्यांच्या मधल्या वेळात, अख्खा नकाशा एक पट्टी डावीकडे सरकवावा लागे.