चकांत अडकलेलें बिट

शहरांतील बिऱ्हाडांत विजेचें ड्रिल ही आतां कांहीं अपूर्वाईची वस्तु राहिलेली नाहीं. पडद्याची दांडी, घड्याळ, आरसा किंवा देवघराची फळी भिंतीवर चढवावयाची असली, म्हणजे पूर्वीं सुताराची वाट पाहावी लागे. आतां घरचा माणूसच यंत्र हातीं घेतो आणि दहा मिनिटांत चार भोकें पाडून मोकळा होतो. काम संपतें आणि मग एक निराळीच अडचण पुढें उभी राहते. यंत्राच्या तोंडांत बसविलेलें बिट कांहीं केल्या बाहेर येत नाहीं. तें ओढून पाहिलें जातें, पकडीनें पिळून पाहिलें जातें, शेवटीं हातोडीचा एक तडाखाही बसतो. पण बिट जागचें हालत नाहीं. अडचण दिसावयास लहान आहे. परंतु तींतून सुटण्याच्या घाईंत पुष्कळ चांगलीं यंत्रें कायमचीं बिघडतात आणि प्रसंगीं बोटेंही जायबंदी होतात.

या अडचणीचें मर्म एका वाक्यांत सांगतां येण्याजोगें आहे. बिट ओढल्यानें सुटत नाहीं. ज्या पकडीनें तें धरलें आहे ती पकड उलगडली म्हणजे तें आपोआप सुटतें. म्हणून बळ लावण्यापूर्वीं ती पकड कशी आहे हें समजून घेतलें पाहिजे.

बिटाचा दांडा जेथें बसतो त्या भागाला चक म्हणतात. हातांत धरून चालवितां येणारें विजेचें ड्रिल जर्मनींत श्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यांत १८९५ सालीं तयार झालें. यंत्र फिरूं लागलें, पण बिट घट्ट धरावें आणि हवें तेव्हां सोडावें हा प्रश्न राहिलाच होता. त्याचें सुटसुटीत उत्तर अमेरिकेंतील आर्थर जेकब्स या कारागिरानें दिलें. चक पान्यानें आवळतांना त्याचीं बोटें सोलून निघालीं आणि त्या त्राग्यांतूनच दांतेरी किल्लीनें आवळावयाचा चक त्याला सुचला, असें सांगतात. १९०२ सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें. पुढें किल्लीवांचून, नुसत्या हातानें फिरवावयाचे चक निघाले आणि घरगुती यंत्रांवर आज बहुधा तेच आढळतात. परंतु आंतील रचनेचें तत्त्व तेंच राहिलें आहे.

चकाच्या आंत तीन पोलादी जबडे असतात. ते तिरप्या खोबणींत बसविलेले असून त्यांच्या बाहेरच्या अंगावर आटे पाडलेले असतात. बाहेरचें कडें फिरविलें कीं आंतील नट फिरतो, नटामुळें जबडे पुढें सरकतात आणि खोबणी तिरप्या असल्यामुळें पुढें सरकतां सरकतां ते एकमेकांजवळ येऊन बिटाचा दांडा आवळून धरतात. हा पाचरीचाच न्याय आहे. दाराखालीं सारलेली पाचर दार ढकलल्यानें निघत नाहीं, उलट अधिक रुतते. तसेंच येथेंही होतें. बिट बाहेर ओढलें म्हणजे जबड्यांनाही पुढेंच ओढ बसते, आणि जबड्यांचें पुढें जाणें म्हणजेच आवळणें होय.

मग हातानें आवळलेला चक हातानेंच सुटत कां नाहीं? याचीं कारणें चार. भोक पाडतांना, विशेषतः ठोके देणारी कळ चालू असतांना, बसणारे हादरे कडें थोडें थोडें आवळीत जातात. काम संपेपर्यंत पकड हाताच्या बळापलीकडे गेलेली असते. दुसरें, सुरुवातीस चक ढिला राहिला असेल तर बिट आंतल्या आंत घसरून फिरतें, त्याच्या गुळगुळीत दांड्यावर ओरखडे पडून कंगोरे उठतात आणि ते जबड्यांना अडतात. तिसरें, बारीक बिट घाईनें बसवितांना तीन जबड्यांच्या मध्यावर न बसतां दोहोंच्या फटींत वांकडें बसतें. आणि चौथें कारण धूळ व गंज. मुंबईच्या किंवा कोंकणाच्या दमट हवेंत, भिंतीची पूड आंत गेलेला चक बिटासकट एक पावसाळा कपाटांत पडून राहिला, तर दसऱ्याला तो उघडेल याची खात्री नाहीं.

सोडविण्याचा पहिला नियम असा कीं, प्लग भिंतीवरून काढावा. यंत्र बॅटरीवर चालणारें असेल तर बॅटरी वेगळी करावी. खटक्यावरचें बोट उचललें म्हणजे वीज तुटली असें नव्हे. एका हातानें चक घट्ट धरून यंत्र उलट दिशेनें सुरू करण्याची युक्ति पुष्कळ ठिकाणीं दिसते. ती कधींही करूं नये. मोटारीला हात आणि बिट यांतील भेद कळत नाहीं. तळव्याची कातडी सोलली जाते, मनगट मुरगळतें, बोट अडकल्यास मोडतेंही. ज्या यंत्रभागाचा उगमच बोटें वाचविण्याच्या खटपटींत झाला, त्याच्यापायीं बोटें गमावण्यांत शहाणपण नाहीं. नुकतेंच काम झालें असेल तर बिट निवूं द्यावें. तापलेलें पोलाद चटका देतें.

दुसरा नियम दिशेचा. बिटाचें टोक आपल्या तोंडाकडे येईल असें यंत्र धरून पाहिलें असतां, कडें घड्याळाच्या कांट्याच्या उलट फिरविल्यानें चक सुटतो. यंत्राच्या मागून पाहणाऱ्यास हीच दिशा नेमकी विरुद्ध भासते, आणि पुष्कळांचा सारा जोर सोडविण्याऐवजीं आवळण्यांतच खर्च होतो. कड्यावर बहुधा बाण कोरलेला असतो. तो आधीं पाहावा.

मग सौम्य उपायापासून क्रमानें वर जावें. हाताची पकड घसरत असेल तर रबरी हातमोजा घालावा, किंवा कड्याभोंवतीं सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा. पुष्कळदां एवढ्यानेंच काम होतें. चकाला दोन कडीं असतील तर मागचें एका हातानें स्थिर धरून पुढचें फिरवावें. एकच कडें असेल आणि आंतील दांडा त्याबरोबर फिरत असेल, तर यंत्राचा वेग सर्वांत कमी गतीवर ठेवावा, म्हणजे दांड्याला अधिक अटकाव होतो. किल्लीचा चक असेल तर किल्ली भोकांत पूर्ण बसवावी, एका भोकांतून सुटला नाहीं तर उरलेलीं दोन भोकें पाहावीं, आणि तरीही न हालल्यास किल्लीच्या दांडीवर सुटण्याच्या दिशेनें हलकीशी टिचकी द्यावी. झिजलेल्या दांत्यांची किल्ली वापरूं नये.

एवढ्यानें न भागल्यास गंज सोडविणाऱ्या पातळ तेलाचे दोन-चार थेंब जबड्यांच्या फटींत सोडावे. त्या वेळीं चकाचें तोंड खालच्या बाजूस कललेलें असावें, नाहीं तर तेल ओघळून मोटारीपर्यंत जातें. तेल घातल्यावर लगेच झटापट न करतां कांहीं तास, शक्य तर रात्रभर, थांबावें. तेल आपलें काम हळूहळू करतें. दुसऱ्या दिवशीं लांकडी हातोडीनें कड्याच्या सभोंवार हलके ठोके देऊन कडें पुन्हां फिरवून पाहावें. ठोकावयाचेंच झाल्यास बिट आंत जाईल अशा दिशेनें, जबड्यांच्या टोकांवर, अलगद ठोकावें. कारण जबडे किंचित् मागें सरले कीं आट्यांवरील ताण कमी होतो. येथें पाचरीचा न्याय उलट बाजूनें उपयोगी पडतो. आडवे जोरदार घाव मात्र घालूं नयेत. त्यांनीं आंतील दांडा वांकतो आणि मग प्रत्येक भोक वेडेंवांकडें पडतें.

अखेरचा घरगुती उपाय पान्याचा. कड्यावर चामड्याचा किंवा जाड कापडाचा पट्टा घेऊन पाइप पाना लावावा आणि धक्का न देतां वाढता दाब द्यावा. कडें प्लॅस्टिकचें असेल तर तें तडकण्याचा संभव असतो, हें जाणूनच हा उपाय करावा.

मोठ्या हॅमर ड्रिलाची गोष्ट निराळी आहे. १९७५ सालापासून प्रचारांत आलेल्या एस. डी. एस. पद्धतींत बिटाला आवळणारे जबडेच नसतात. दांड्यावरील खांचांत अडणी बसते. तेथें कडें फिरवावयाचें नसून मागें ओढावयाचें असतें. कडें मागें धरून बिट डावीं-उजवीं हालवीत बाहेर काढावें.

कधीं बिट चकांत नव्हे, तर भिंतींतच अडकतें. काँक्रीटमधील सळई लागली किंवा पूड दाटली म्हणजे तें एकाएकीं थांबतें आणि सारा हिसका मनगटाला बसतो. अशा वेळीं खटका तत्काळ सोडावा, उलट फिरण्याची कळ लावून यंत्र सावकाश सरळ मागें घ्यावें. न निघाल्यास वीज तोडून चक सैल करावा, यंत्र बाजूला काढावें आणि भिंतींत राहिलेलें बिट पकडीनें डावीकडे फिरवीत ओढावें. तें इकडेतिकडे वांकवूं नये. टोकावरचा कठीण तुकडा तुटून आंतच राहतो.

इतकें करूनही चक न उघडला, तर थांबावें हें उत्तम. संबंध चकच काढून टाकावा असें कोणी सुचवितें. परंतु तो ज्या स्क्रूनें दांड्याला जखडलेला असतो तो चकाच्या पोटांत, अडकलेल्या बिटाच्या पाठीमागें असतो. शिवाय उलट-सुलट फिरणाऱ्या यंत्रांत त्या स्क्रूचे आटे बहुधा डावे असतात; तो नेहमींच्या समजुतीप्रमाणें फिरविला तर अधिकच बसतो. हें काम दुरुस्तीच्या दुकानांतील माणसाला सोंपवावें. नवा चक बसविणें हें नवें यंत्र घेण्यापेक्षां पुष्कळ स्वस्त पडतें.

आणि हा प्रसंग टाळणें तर त्याहूनही सोपें आहे. बिट बसवितांना तें तिन्ही जबड्यांच्या मध्यावर आहे कीं नाहीं हें पाहावें. किल्लीचा चक तिन्ही भोकांतून सारखा आवळावा. दांड्यावर कंगोरे उठलेलें बिट कानशीनें साफ केल्याशिवाय पुन्हां वापरूं नये. काम संपल्याबरोबर बिट काढून ठेवावें, चक तोंड खालीं करून उघडझांक करावा म्हणजे पूड गळून पडते, आणि पावसाळ्यापूर्वीं जबड्यांवर तेलाचा एक थेंब सोडावा. या साऱ्याला दोन मिनिटें पुरतात.

सुतारकामांतील जुने कारागीर हत्यार पुसल्याशिवाय पेटी बंद करीत नसत. यंत्र विजेचें झालें म्हणून ती शिस्त जुनी झालेली नाहीं. हातांतील बळ वाढलें आहे, तेव्हां तें कोणत्या दिशेनें लावावयाचें याचा विचार आतां आधींच केला पाहिजे.